तारमास्तरांचा कीबोर्ड

१

कीबोर्ड जागच्या जागी होता. चोरीला गेला होता तो त्याचा आवाज.

निबिया लारोसाने खालचं लांब आडवं बटण दाबलं आणि खोलीत नुसतंच ‘थप्प’ झालं. ओल्या कणकेत बोट रुतावं तसं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा थप्प. तिने हात मागे घेतला आणि नकळत कोटाला पुसला.

“काय झालं? चालत नाही का?” तिला पाहणीला बोलावणाऱ्या विल्सनने दारातून विचारलं.

“चालेल की. पण हा तुमच्या वडिलांचा कीबोर्ड नाही.”

“काहीतरीच काय, निबियाबाई! कोपऱ्यावरचा टवका बघा. माझ्याच हातून पडला होता तो. त्यावरून बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते.”

टवका खरा होता. पाठीवरची चिठ्ठीही खरी होती: १९८६, आणि खाली बंद पडलेल्या बँकेच्या मालमत्तेचा क्रमांक. निबियाला तो तोंडपाठ होता, कारण अठरा वर्षांपूर्वी तिनेच हा कीबोर्ड विल्सनच्या वडिलांना, ओलेगारिओंना, विकला होता.

उरुग्वेच्या मोंतेविदेओ शहरातल्या त्रिस्तान नार्वाहा रस्त्यावर दर रविवारी जुना बाजार भरतो. तिथे निबिया सव्वीस वर्षं जुने कीबोर्ड विकत होती. बुडालेल्या बँका, हललेल्या सरकारी कचेऱ्या, मिटलेली वर्तमानपत्रं, सगळ्यांचा उरलासुरला माल तिच्याकडे गठ्ठ्याने यायचा. झिजलेली बटणं बघून ती मालकाची कुंडली मांडायची. आकडे झिजलेले असले की कॅशियर. खोडायचं बटण झिजलेलं दिसलं की समजावं, हा माणूस मनातलं बोलायला कचरत होता. ओलेगारिओ बंदरात चाळीस वर्षं तारयंत्रावर होते. त्यांचं खोडायचं बटण नव्यासारखं कोरं होतं. तारमास्तर चुकत नसत, आणि चुकले तर मागे फिरत नसत.

जुन्या चांगल्या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग असते. बटण दाबलं की ती वाकते आणि खालच्या लोखंडी पत्र्यावर ठोका पडतो. टणक्! बारीक कान असेल तर प्रत्येक बटणाचा सूर वेगळा लागतो. पुढे स्वस्ताई आली, तेव्हा त्याच कवचात स्प्रिंगऐवजी रबर घालून विकायला लागले. बाहेरून दोघे जुळे भाऊ. बाजारात नवशिके रोज फसायचे.

निबियाने खिशातला पाना काढला, चार स्क्रू सोडवले आणि कवच उघडलं. आत रबर होतं.

“कोणीतरी आतलं सगळं काढून नेलंय,” ती म्हणाली. “कवच तेवढं ठेवलंय.”

“मग मी काय सांगत होते!” मागून आवाज आला. ओलेगारिओंची बायको एल्वा दाराची चौकट धरून उभी होती. एवढीशी म्हातारी, पण डोळे लखलखीत. “तो इथे नाहीच मुळी. पण तो वाजतो, निबिया. रोज दुपारी तीनला. ते गेल्यापासून रोज.”

२

विल्सनने निबियाला स्वयंपाकघरात नेलं आणि दार ओढून घेतलं.

“ऐकलंत ना? दीड महिना हेच चाललंय. कॉम्प्युटर विकून टाकलाय मी. कीबोर्डाची वायर मोकळी लोंबतेय. आणि आईला बाबा टाइप करताना ऐकू येतात.” त्याने खिशातून चौघडी केलेला कागद काढला. “शनिवारी वृद्धाश्रमाची गाडी येणार. डॉक्टरांचा सही-शिक्का झालाय. भ्रम होतात, एकटीला ठेवू नये.”

“तिची तयारी आहे?”

“तिला कोण विचारतंय? म्हणजे...” तो अडखळला. “तिच्या भल्यासाठीच.”

नवऱ्यामागे दीड महिन्यात ह्या बाईचं घरही जाणार होतं, आणि तेसुद्धा एका आवाजापायी. निबियाला त्या कागदाचा मनस्वी राग आला.

“खोलीची किल्ली कोणाकोणाकडे आहे?”

“माझ्याकडे, आईकडे. आणि वरच्या इसोलिनाकडे, अडीअडचणीला म्हणून. पण ती बिचारी आंधळी. आणि हो, तुमचा तो तानो! बाबांना खांदा द्यायला आला आणि तिथेच मला विचारतो, कीबोर्डाचं काय करणार? खोलीत जाऊन पाच मिनिटं एकटा बसला होता.”

तानो म्हणजे बाजारातला निबियाच्या शेजारचा दुकानदार. निबियाने तिथूनच त्याला फोन लावला.

“खरं सांग रे, ओलेगारिओंचा कीबोर्ड तू हलवलास का?”

“मी?” पलीकडून तानो खेकसला. “हलवला असता तर अख्खा हलवला असता! का, काय झालं?”

“आतलं स्प्रिंगचं सगळं गेलंय. कवच, चिठ्ठी, बटणांच्या टोप्या जागेवर आहेत.”

तानो कळवळून म्हणाला, “कोण गाढव आहे हा? चिठ्ठी ठेवली? मूळच्या टोप्या ठेवल्या? अगं, पैसे त्याचेच तर येतात! नुसतं आतलं घेऊन मी काय त्याची आरती करू?”

निबियाने फोन ठेवला. तानो लबाड होता, पण धंद्यात मूर्ख नव्हता. विल्सन चोर असता, तर त्याने जाणकार बाईला पाहणीला बोलावलंच नसतं.

म्हणजे चोराला किंमत नको होती. त्याला आवाज हवा होता.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एकेक पायरी मोजत, भिंतीला हात लावत इसोलिना खाली आली. नवव्या वर्षी दृष्टी गेलेली ही बाई आता सत्तरीला टेकली होती. बांदोनिऑन दुरुस्त करून पोट भरायची. आपल्या बाजाच्या पेटीची ही दूरची बहीण. दोन्ही हातांत धरून ओढायची, आणि दोन्ही बाजूंना बटणंच बटणं.

“एल्वा, सूप आणलंय गं. गरम आहे तोवर घे.”

“ठेव तिथे. तू बस की जरा.”

“नको बाई. तीन वाजत आले, तुझी झोपायची वेळ.”

ती आली तशी पायऱ्या मोजत वर गेली. एल्वाने तिच्यापाशी आवाजाबद्दल चकार शब्द काढला नाही.

“तिला नाही सांगितलंत?” निबियाने हळूच विचारलं.

“विल्सनने शपथ घातलीय. बाहेर बोललीस तर लोक वेडी म्हणतील म्हणून.”

विल्सन उठला आणि त्याने रेडिओ मोठा केला. घड्याळात पावणेतीन झाले होते.

३

निबिया परत खोलीत जाऊन कीबोर्डासमोर बसली. तिला तो बघितल्यापासून काहीतरी खुपत होतं. डोळ्यांत गेलेलं कुसळ सापडू नये तसं.

मग ते सापडलं. वरच्या ओळीच्या उजव्या टोकाला ‘ओ’ आणि ‘पी’ यांची अदलाबदल झाली होती. आकड्यांच्या ओळीत सात आणि आठसुद्धा उलटे होते.

“हे बघितलंत का?”

विल्सनने खांदे उडवले. “बाबांनीच बसवले असतील चुकून. ते कुठे बटणांकडे बघायचे? डोळे मिटून टाइप करायचे.”

मुद्दा बिनतोड होता. निबियाने दोन्ही टोप्या उपटल्या आणि उजेडात धरल्या. ‘ओ’ झिजून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. स्पॅनिशमध्ये शब्दागणिक ओ लागतो. ‘पी’वरची खरखर अजून शाबूत होती.

“तुमच्या वडिलांनी उलटे बसवले असते, तर त्यांचं बोट ओच्या जागी असलेल्या टोपीवर पडत राहिलं असतं. म्हणजे पी झिजला असता. इथे ओच झिजलाय. म्हणजे ही अदलाबदल ते गेल्यावरची आहे.”

“बरं, मग?”

“मग चोराने एकूण एक टोपी काढून रबरावर बसवली. वेळ घेऊन, जपून. प्रत्येक ओळीच्या टोप्यांचा उतार वेगळा असतो, तरी एकही टोपी ओळ चुकलेली नाही. एफ आणि जे यांना बोटाला लागायला उंचवटा असतो, तेही बरोबर आहेत. एवढा काटेकोर माणूस, आणि डोळ्यांपुढे लिहिलेलं अक्षर त्याला दिसू नये?”

शेवटचे शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडले आणि ती थबकली. घड्याळात तीनला एक मिनिट होतं. रेडिओवर कोणीतरी फुटबॉलबद्दल घसा फोडत होता. निबिया उठली आणि तिने रेडिओ बंद केला.

“कशाला? राहू दे की!” विल्सन जवळजवळ ओरडला.

घर गप्प झालं. एल्वाने डोळे मिटले.

टणक्.

निबियाच्या हातातल्या टोप्या खाली पडता पडता राहिल्या. टणक् टणक्, टणक्. थोडं थांबून पुन्हा चार ठोके. स्वच्छ, लोखंडी, भराभर. समोरच्या टेबलावरचा कीबोर्ड निपचित पडला होता, वायर लोंबत होती, आणि तारमास्तर टाइप करत होते. आवाज भिंतीतून येत होता, छतातून येत होता, बसलेल्या खुर्चीतून येत होता. ह्याच स्प्रिंगा निबियाने मागच्या उन्हाळ्यात स्वतः साफ केल्या होत्या. तो ठोका ती हजारात ओळखली असती.

“येतोय ना?” एल्वा कुजबुजली. “तुला येतोय ना ऐकू?”

“येतोय, एल्वाबाई. अगदी स्पष्ट.”

म्हातारीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. दीड महिन्यात पहिल्यांदा कोणीतरी हो म्हटलं होतं.

“मला काहीच ऐकू येत नाही,” विल्सन म्हणाला. तो पांढराफटक पडला होता.

अर्धा तास त्या तिघांनी तसाच काढला. साडेतीनला आवाज थांबला. आणि थांबला त्याच क्षणी विल्सनने कोंडलेला श्वास सोडला.

निबियाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. ज्याला आवाज ऐकूच येत नव्हता, त्याला तो थांबलेला कसा कळला?

४

आधी तिने न्हाणीघराची खिडकी उघडली. बाहेर इमारतीचा डक्ट होता, खालपासून वरपर्यंत अंधारी विहीर. वर कोणी ताटली ठेवली तरी खाली ती आपल्याच हातून पडल्यासारखी वाजली असती. निबियाने मान वर केली. वरच्या मजल्याची खिडकी उघडी होती.

ती जिना चढली. इसोलिनाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत टेबलावर एक बांदोनिऑन पोट उघडं टाकून पडला होता, आणि त्याची बटणं एका ताटात ओळीने मांडून ठेवली होती. निबियाने ते ताट बघितलं, आणि तिला आणखी काही बघायची गरज उरली नाही.

“कोण?”

“निबिया. खाली कीबोर्ड बघायला आलेय ती. हात पुढे करा जरा.”

तिने इसोलिनाच्या तळव्यावर दोन टोप्या ठेवल्या. म्हातारीने अंगठा फिरवला. एक गुळगुळीत, एक खरबरीत. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“चुकल्या ना?” ती म्हणाली.

“चुकल्या. सात आणि आठही.”

“मांजराने ताटाला धक्का दिला. चार टोप्या घरंगळल्या. उतारावरून ओळ कळली, पण ओळीत कुठली आधी, ते कसं कळणार? अक्षरं बोटाला सगळी सारखीच.” ती खुर्चीत बसली. “एल्वा रोज त्यावर फडकं फिरवते. टवका तिच्या हाताखालचा, टोप्यांची झीज तिच्या हाताखालची. म्हटलं, तेवढं जसंच्या तसं ठेवलं की तिला कळणार नाही. रबराचा एक कीबोर्ड त्यांच्या कपाटात धूळ खात होता. तिचं काही हरवलं असं तिला वाटू नये, एवढीच इच्छा होती माझी.”

निबियाला सगळं उमगलं. चोराने बोटांसाठी सगळं बिनचूक केलं होतं आणि डोळ्यांसाठी चुकीचं. कारण ह्या बाईच्या जगात पाहणं म्हणजे हात लावणंच होतं.

“पण घेतलंत कशाला?”

इसोलिनाने टोप्या तिच्या हातात परत दिल्या.

“अठरा वर्षं, बाई. रोज तीनला तो आवाज वर यायचा. टोले मोजून वेळ कळते, पण दुपार झाल्यासारखं मला त्याच आवाजाने वाटायचं. ते गेले आणि तीन वाजायचेच बंद झाले. पडून राहायचे, आणि वाटायचं, आपणच मेलोय आणि कोणी सांगितलं नाही. मग मी आणलं, आणि तीनला वाजवायला लागले. मला आठवतं तसं. एल्वा गोळी घेऊन झोपते ना तेव्हा...”

“झोपत नाही. रोज ऐकते. विल्सन शनिवारी तिला वृद्धाश्रमात पोचवतोय, तिला भुताचा आवाज ऐकू येतो म्हणून.”

इसोलिनाच्या तोंडावर चपराक बसल्यासारखं झालं. ती उठली, भिंत चाचपत पलंगाशी गेली आणि चादरीत गुंडाळलेली जड वस्तू छातीशी धरून म्हणाली, “चल. मला खाली ने.”

५

एल्वाने सगळं ऐकून घेतलं. कीबोर्ड टेबलावर होता, रबराच्या कीबोर्डाच्या कवचात आणि टोप्यांखाली तारमास्तरांच्या स्प्रिंगा.

“मला क्षमा कर,” इसोलिना म्हणाली. “मी तुझी चोर आहे.”

“आणि मी वेडी नाही,” एल्वा म्हणाली. तिने मान वळवली. “ऐकलंस का रे विल्सन? मी वेडी नाही.”

विल्सन भिंतीला टेकून उभा होता.

“त्यांनाही ठाऊक होतं,” निबिया म्हणाली आणि विल्सनकडे वळली. “आवाज थांबल्यावरच श्वास सोडलात तुम्ही. तीन वाजायच्या आत रेडिओ मोठा केलात. तुम्हाला पहिल्यापासून ऐकू येत होता.”

विल्सन भिंतीला टेकूनच खाली बसला.

“नवव्या दिवशी,” तो म्हणाला. “मी इथे एकटाच होतो. वाटलं, बाबा आलेत. दोन वर्षं आम्ही बोललो नव्हतो. शेवटी दवाखान्यातही मी पोचलो नाही. म्हटलं, मला काहीतरी सांगतायत, शिव्याच देत असतील. मला ते ऐकायचं नव्हतं. तुला इथून हलवलं आणि हे घर बंद केलं, की सुटलो, असं वाटलं होतं. आई, मी घाबरलो होतो गं.”

“अरे वेड्या,” एल्वा म्हणाली, “शिव्या कसल्या? ते पेपर उतरवून काढायचे. बोटं आखडू नयेत म्हणून. रोज एक पान.”

“सोमवारी फुटबॉल,” इसोलिना म्हणाली. “आकडे जास्त. आपली टीम हरली की लांब बटणावर मूठच मारायचे.”

विल्सन हसला.

“मग माझ्याबद्दल काहीच नव्हतं,” तो म्हणाला. त्यात सुटका होती की आणखी काही, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

इसोलिनाने मान तिरकी केली. “शेवटचा दिवस तेवढा वेगळा होता. त्या दिवशी पेपर नव्हता. एकच काहीतरी, परत परत. कुठल्या बटणावर कुठलं अक्षर, ते मला येत नाही, पण प्रत्येक बटणाचा सूर मला पाठ आहे. वाजवू?”

तिने बोटांनी कवचाची कड चाचपली, एकेक बटण हलकेच दाबून सूर लावून घेतले आणि वाजवलं. सहा ठोके. थांबली. मग वरच्या कोपऱ्यातल्या रुंद बटणावर सहा ठोके. पुन्हा पहिले सहा. पुन्हा कोपऱ्यातले सहा.

निबिया तिच्या बोटांकडे बघत होती. दुसऱ्यांदा तिची खात्री पटली, तरी तिसऱ्यांदा तिने बघून घेतलं. कोपऱ्यातलं ते बटण खोडायचं होतं. जन्मभर ज्याला ओलेगारिओंनी हात लावला नाही, ते.

“असं किती वेळ चाललं होतं?” तिने विचारलं.

“पूर्ण अर्धा तास.”

“कुठली अक्षरं आहेत?” विल्सनने विचारलं. “सांगा ना. काय लिहीत होते?”

निबियाने त्याला खांद्याला धरून उठवलं आणि इसोलिनाच्या मागे उभं केलं. “तुम्हीच बघा.”

इसोलिनाने पुन्हा वाजवलं, सावकाश. डब्ल्यू. आय. एल. एस. ओ. एन. मग कोपऱ्यातले सहा.

विल्सनने खोडायच्या बटणावर बोट टेकवलं.

“मीपण असंच करायचो,” तो म्हणाला. “दर रविवारी. फोन उचलायचो, बाबांचा नंबर लावायचो, आणि वाजायच्या आत ठेवून द्यायचो.”

एल्वाने त्याच्या खिशातून तो चौघडी केलेला कागद काढून घेतला, न वाचताच स्वयंपाकघरातल्या किटलीखालच्या जाळात सारला आणि परत येऊन टेबलावरचं वर्तमानपत्र उघडलं. निबियाने कवच पुन्हा उघडून स्प्रिंगा त्यांच्या जागी बसवायला घेतल्या. ओ आणि पी, सात आणि आठ तिने आपल्या हाताने नीट लावले.

“इसोलिना, उद्यापासून तू खाली यायचंस,” एल्वा म्हणाली. “मी पेपर वाचेन, तू वाजव. मला नुसतं वाचायचा कंटाळा येतो.”

“सोमवारी मी येतो,” विल्सन म्हणाला. “फुटबॉल मी वाचेन.”

“तीनला ये,” इसोलिना म्हणाली. “उशीर केलास तर थांबणार नाही मी.”

विल्सनने जाऊन रेडिओची वायर काढून ठेवली.